‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे’

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून महिना-दीड महिना झाला, की पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक माणूस एका गोष्टीची वाट पाहू लागतो. जास्तीचा कापला गेलेला कर परत कधी येणार? नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या ई-मेलवर किंवा मोबाइलवर एक निरोप येतो. ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे. खात्याचा तपशील चुकीचा असल्याने रक्कम जमा करता आली नाही. खालील लिंकवर जाऊन तपशील दुरुस्त करा.’ वर सरकारी बोधचिन्ह असते, खाली एखादे पदनाम असते आणि मध्ये पार सुट्या रुपयांपर्यंत दिलेली रक्कम असते.

हा नमुना काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाल्याचा आणि बँक खाते क्रमांक तपासून दुरुस्त करण्याचा असाच एक निरोप देशभर फिरत होता. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला तो खोटा असल्याचे जाहीर करावे लागले. रक्कम आणि मजकूर दरवर्षी बदलतो, पण युक्ती तीच राहते. माणूस ज्याची खरोखर वाट पाहत आहे, तेच त्याच्यापुढे धरायचे.

अशा निरोपाला बळी पडणारा माणूस भोळा, लोभी किंवा अडाणी असतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची तर आहेच, शिवाय घातकही आहे. ‘आपण शिकलेले आहोत, आपण फसणार नाही’ या विश्वासामुळे माणूस बेसावध राहतो. आणि फसलाच तर लाजेपोटी गप्प बसतो. या प्रकारात पैशांचे सर्वात मोठे नुकसान बहुधा या गप्प बसण्याच्या काळातच होते.

शिकलेला मेंदूही का चुकतो?

२००६ मध्ये हार्वर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील तीन संशोधकांनी एक छोटा पण गाजलेला प्रयोग केला. त्यांनी २२ जणांना २० संकेतस्थळे दाखवली आणि त्यातली खरी कोणती, खोटी कोणती हे ओळखायला सांगितले. म्हणजे यात काही खोटी असणार, याची सर्वांना आधीच कल्पना होती. तरीही सर्वात बेमालूम बनावट पानाने ९० टक्के लोकांना चकवले. ते पान अमेरिकेतील एका बँकेचे वाटत होते. फरक एवढाच, की पत्त्यातल्या ‘वेस्ट’ या शब्दात इंग्रजी ‘डब्ल्यू’ ऐवजी शेजारी शेजारी दोन ‘व्ही’ टाकले होते. जवळपास चौथा हिस्सा लोकांनी तर पत्त्याच्या पट्टीकडे पाहिलेच नाही. बोधचिन्ह आणि मांडणी पाहूनच त्यांनी निर्णय दिला. शिक्षण, वय, स्त्री-पुरुष भेद किंवा संगणक वापरण्याची सवय यांचा फसण्याशी लक्षणीय संबंध आढळला नाही.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. सराईत वाचक प्रत्येक अक्षर तपासत बसत नाही. ओळखीचा शब्द दिसला, की उरलेला भाग मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणूनच स्वतः लिहिलेल्या अर्जातली चूक स्वतःला दिसत नाही आणि शेजारी बसलेल्याला चटकन दिसते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी विचारांच्या दोन रीती सांगितल्या. एक झटपट, सवयीने चालणारी. दुसरी सावकाश, हिशेब करणारी. दिवसातली बहुतेक कामे पहिलीवरच उरकतात आणि ते योग्यच आहे, नाहीतर रस्ता ओलांडणेही अवघड झाले असते. बनावट निरोप लिहिणाऱ्याला मात्र एवढेच हवे असते, की वाचणाऱ्याची दुसरी रीत जागी होऊ नये. त्यासाठी तो तीन गोष्टी एकत्र आणतो: सरकारचा अधिकार, पैशाची आशा आणि वेळेची मर्यादा. ‘आज रात्रीपर्यंत तपशील न दिल्यास परतावा रद्द होईल’ या एका वाक्यात तिन्ही येतात.

ओळखीचा आधार मिळाला, तर हे काम आणखी सोपे होते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात अनोळखी पत्त्यावरून आलेल्या बनावट ई-मेलला १६ टक्के विद्यार्थी फसले. तोच ई-मेल मित्राच्या नावाने आल्यावर हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. हे सगळे तरुण होते, संगणकावर वाढलेले होते. करदात्याच्या बाबतीत ओळखीचे हे काम त्याचे पूर्ण नाव आणि पॅन क्रमांक करतो. ‘माझा पॅन यांना माहीत आहे, म्हणजे हे सरकारच असणार’ असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पॅनची झेरॉक्स आजवर किती दुकानांत, बँकांत आणि एजंटांकडे दिली गेली आहे, हे आठवून पाहावे.

लिंकच्या पलीकडे काय असते?

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ‘ड्रिनिक’ नावाच्या मोबाइल व्हायरसबद्दल इशारा दिला होता. त्याची कार्यपद्धती पाहिली, की परताव्याच्या सापळ्याची संपूर्ण रचना समजते.

सुरुवात एका एसएमएसने होई. त्यातली लिंक प्राप्तिकर विभागासारख्या दिसणाऱ्या पानावर नेई. तेथे पडताळणीसाठी एक ॲप मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगितले जाई. हे ॲप एसएमएस, कॉलची नोंद आणि संपर्क यादी पाहण्याची परवानगी मागे. मग समोर एक फॉर्म येई. त्यात नाव, पॅन, आधार क्रमांक, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत, मागचे तीन अंक आणि अगदी पिनसुद्धा भरायचा असे. सगळे भरून झाल्यावर ‘इतका परतावा तुमच्या खात्यात वळवता येईल’ असे दिसे. माणूस बटण दाबे आणि पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे’ असे खोटे चित्र येई. तो ते पाहत थांबलेला असताना मागे त्याची माहिती आणि त्याचे एसएमएस भामट्यांकडे पोचत. २७ हून अधिक बँकांचे ग्राहक या व्हायरसच्या निशाण्यावर होते.

एसएमएस वाचण्याची परवानगी का हवी असते, हे येथे लक्षात घ्यावे. ओटीपी एसएमएसनेच येतो. ॲपला तो वाचता आला, तर ओटीपी फोनवरून कोणालाही सांगण्याची गरजच उरत नाही. ‘आम्ही ओटीपी कोणाला दिलाच नव्हता’ असे सांगणारे बरेच जण म्हणूनच खरे बोलत असतात.

खरा परतावा कसा येतो?

बँकेतल्या रोखपालाला खरी नोट कशी लागते हे हाताला माहीत असते, म्हणून खोटी चटकन कळते. परताव्याचेही तसेच आहे. खरा मार्ग एकदा नीट माहीत झाला, की खोट्या मार्गाची शंभर रूपे पाठ करावी लागत नाहीत.

विवरणपत्र भरल्यानंतर त्याची ३० दिवसांत ई-पडताळणी करावी लागते. त्यानंतर ते बंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात तपासले जाते आणि हिशेबाची सूचना करदात्याला मिळते. परतावा निघत असेल, तर तो थेट बँक खात्यात जमा होतो. १ मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेल्या खात्यातच जातो. म्हणजे खाते कोणते, हे विभागाला आधीच ठाऊक असते. ते विचारण्यासाठी लिंक पाठवण्याची गरज नसते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कधी कधी परतावा खरोखरच अडकतो. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी क्रमांक बदललेला असतो, किंवा पॅनवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही. अशा वेळी विभागाकडून खरी सूचनाही येते. त्यामुळे ‘असे सगळेच निरोप खोटे’ हा नियम टिकत नाही. टिकणारा नियम वेगळा आहे. निरोप खरा असो वा खोटा, त्यातल्या लिंकवरून जायचे नाही. आपल्या हाताने ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता टाकायचा, आपल्या पासवर्डने आत जायचे आणि परताव्याची स्थिती पाहायची. निरोप खरा असेल, तर तीच अडचण तेथे दिसेल आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंतीही तेथेच करता येईल. निरोप खोटा असेल, तर तेथे काहीच नसेल. दोन्ही बाबतींत नुकसान शून्य. वेळ फार तर पाच मिनिटे जाईल.

नोटीस किंवा पत्र आले असेल, तर आणखी एक खात्री करता येते. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. विभागाच्या पोर्टलवर तो टाकून पत्र खरे आहे का, हे तपासण्याची सोय आहे.

निरोप वाचताना

तरीही निरोप वाचायची वेळ आलीच, तर पत्ता कसा वाचावा हे माहीत असलेले बरे. संकेतस्थळाच्या पत्त्याचे आडनाव शेवटी असते. पहिली एकेरी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि त्याचे शेवटचे शब्द पाहायचे. ते ‘जीओव्ही डॉट इन’ असले, तरच संकेतस्थळ भारत सरकारच्या घरचे. ‘इन्कमटॅक्स’ हा शब्द सुरुवातीला असून काही उपयोग नाही. ‘डॉट इन’च्या पुढे ठिपका देऊन आणखी शब्द जोडले असतील आणि शेवट ‘डॉट कॉम’ किंवा भलताच काही असेल, तर ते घर दुसऱ्याचे. ई-मेल पाठवणाऱ्याचे नुसते नाव पाहू नये, कारण ते कोणीही काहीही ठेवू शकतो. पूर्ण पत्ता उघडून पाहावा, आणि तो बरोबर दिसला तरी त्यावर विसंबू नये. पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट करता येतो.

पत्त्याच्या शेजारचे कुलपाचे चिन्ह पाहून बरेच लोक निश्चिंत होतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. ती ज्याच्याकडे पोचते, तो सज्जन आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. पूर्वी खोटे ई-मेल अशुद्ध भाषेवरून ओळखू येत. आता शुद्ध मराठी किंवा इंग्रजी मजकूर यंत्राकडून क्षणात लिहून मिळतो, त्यामुळे त्या खुणेचाही भरवसा उरलेला नाही.

न बदलणारी खूण मागणीत असते. प्राप्तिकर विभाग ई-मेलवरून पिन, पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा तपशील मागत नाही. पैसे घेणाऱ्याला पिन द्यावा लागत नाही; तो पैसे देणाऱ्यालाच द्यावा लागतो. किराणा दुकानात यूपीआयने रोज पैसे देणाऱ्या कोणालाही हे अनुभवाने माहीत आहे. ‘परतावा हवा असेल तर पिन टाका’ असे कोणी म्हणाला, की पैशाचा प्रवाह उलट्या दिशेला आहे, हे ओळखावे.

पैशांपलीकडची चोरी

खात्यातून गेलेले पैसे दिसतात, पण गेलेली ओळख दिसत नाही. पासवर्ड बदलता येतो, कार्ड रद्द करता येते. जन्मतारीख बदलता येत नाही, आणि पॅन व आधार तर आयुष्यभरासाठी असतात. हा तपशील एकदा बाहेर गेला, की तो एका हातातून दुसऱ्या हातात विकला जातो. आजाराची लक्षणे महिन्यांनी दिसावीत, तसा त्याचा परिणाम उशिरा कळतो. कधीच न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी फोन येतो, आपल्या नावावर भलत्याच गावात सिम कार्ड निघालेले असते किंवा पॅनवर अनोळखी व्यवहार दिसतो.

म्हणून ज्याप्रमाणे चाळिशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा, तशी वर्षातून एकदा ही तपासणीही करावी. चार पतमापन कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एक अहवाल मोफत मिळतो. त्यात आपल्या नावावरची सर्व कर्जे दिसतात. प्राप्तिकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणपत्रात आपल्या पॅनवर झालेले मोठे व्यवहार दिसतात. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत, हे पाहता येते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रारही करता येते. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय आहे. जेथे चालत असेल, तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे आधार द्यावे. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून सही करावी.

आणखी एक गोष्ट अनेक घरांत तपासण्यासारखी आहे. विवरणपत्र भरून देणाऱ्याने पोर्टलवर स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल नोंदवलेला असतो. तसे असेल, तर खऱ्या सूचना करदात्यापर्यंत पोचतच नाहीत. मग खोटी सूचना आली, तर ती ताडून पाहायला त्याच्याकडे काही नसते. नोंद स्वतःच्या क्रमांकाची असावी आणि पासवर्डही स्वतःकडेच असावा.

चूक झालीच, तर पहिले तास

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस ‘ॲसिडिटी असेल, सकाळी पाहू’ म्हणून रात्र काढतो, तेव्हा हृदयाचे स्नायू तासातासाने निकामी होत असतात. पैशांच्या फसवणुकीतही असेच घडते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवली जाते आणि शेवटी काढून घेतली जाते. ती वाटेत कोठे असेपर्यंतच गोठवता येते.

म्हणून पैसे गेल्याचे कळताच प्रथम १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावावा आणि लगेच बँकेला कळवावे. नंतर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवावी. बँकेने दिलेला तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. संशयास्पद ॲप उतरवले असेल, तर फोन इंटरनेटपासून तोडावा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत. मोबाइलचा सिग्नल अचानक पूर्ण गेला आणि शेजारच्याचा चालू असेल, तर आपले सिम दुसऱ्याने काढून घेतल्याची शक्यता असते. अशा वेळी मोबाइल कंपनी आणि बँक या दोघांनाही ताबडतोब कळवावे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या वेळेला पैशातली किंमत दिली आहे. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यावर ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे; पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपली असली, तरी एका फोनने तोट्याची सीमा आखता येते. लाजेपोटी काढलेली एक रात्र ही सीमा पुढे ढकलते. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवणूक करणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी आणि ६६-डी खाली गुन्हे आहेत. त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हेगार दुसरा आहे, हे फसलेल्याने आणि त्याच्या घरच्यांनी विसरू नये.

घरातल्या ज्येष्ठांसाठी

पैशांचा व्यवहार हे मेंदूच्या कठीण कामांपैकी एक आहे. त्यात स्मरण, आकडेमोड, माणसाची पारख आणि मोह आवरणे हे सारे एकाच वेळी लागते. त्यामुळे विसरभोळेपणा उघड दिसण्याआधीच या व्यवहारात तडे जाऊ शकतात. अमेरिकेत ८१ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, त्यांची बिले थकण्याचे प्रमाण निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच इतरांपेक्षा जास्त होते. शिकागोच्या रश विद्यापीठातील २०१९ च्या अभ्यासात स्मृतिभ्रंश नसलेल्या ९३५ वृद्धांना तपासले गेले. फसवणुकीबाबत कमी सावध असलेल्यांमध्ये पुढे अल्झायमर होण्याचा धोका अधिक आढळला.

याचा अर्थ एकदा फसलेल्या प्रत्येक वृद्धाला स्मृतिभ्रंश झाला आहे, असा मुळीच नाही. पण आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारी आई किंवा वडील पुन्हा पुन्हा फसू लागले, बिले विसरू लागले, तेच प्रश्न परत विचारू लागले, तर त्यांच्यावर न चिडता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम, ही बरी होण्याजोगी कारणेही यामागे असू शकतात.

फसवणुकीनंतर झोप उडणे, जेवण तुटणे, छातीत धडधडणे, सतत स्वतःला दोष देणे हेही दिसते. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांची औषधे याच दिवसांत चुकतात. ‘तुला एवढे कसे कळले नाही?’ हे घरातले वाक्य अशा वेळी गेलेल्या पैशांपेक्षा जास्त लागते. जगण्यात अर्थ उरला नाही, अशी भाषा कोणी करू लागले, तर ती हसण्यावारी नेऊ नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

घरात एक साधा रिवाज पाडता येईल. पैशांचा कोणताही निरोप आला, मग तो परताव्याचा असो, वीजबिलाचा असो की बँकेचा, तर त्यावर काहीही दाबण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवायचा. मोठ्याने वाचताना वेग मंदावतो, मेंदूची हिशेब करणारी रीत जागी होते आणि ऐकणाऱ्याला लिहिणाऱ्याची घाई लगेच जाणवते. हा रिवाज ज्येष्ठांइतकाच तरुणांनाही लागू असावा, म्हणजे कोणाला तो कमीपणा वाटणार नाही. आणि १९३० हा क्रमांक आजच घरातल्या प्रत्येक फोनमध्ये नावासकट साठवून ठेवावा. गरज पडेल तेव्हा तो शोधत बसायला वेळ नसतो.